निर्वासित महिलांवरील हिंसाचाराच्या केसेस: कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

फाइल उघडली की पहिल्या पानावर साधारण असं दिसतं. सोमवार: महिला आली, नवऱ्याकडून मारहाण, पोलीस, निवारा, वकील, समुपदेशन अशी चार रेफरल (त्या त्या सेवेकडे पाठवणी) दिली. गुरुवार: फोन बंद. पुढचा सोमवार: पुन्हा फोन, नवऱ्याने उचलला. पंधरावा दिवस: प्रतिसाद नाही, केस बंद.

नव्या केसवर्करांच्या फायली तपासणं हे माझं काम, आणि ही फाइल मी इतक्या वेळा वाचली आहे की मजकूर पाठ झालाय. यात आळस कुठेच नाही. उलट सगळं एका दिवसात उरकायची तळमळ आहे. चारही रेफरल आपापल्या जागी बरोबर होती. पण फोन कोणाच्या हातात असतो, हे कोणी विचारलं नव्हतं. तिचे कागद कोणाच्या नावावर आहेत, हेही नाही. क्रम चुकला आणि आपण केलेली मदतच तिच्या अंगावर गेली.

२०१७ साली लिंगाधारित हिंसेच्या केस व्यवस्थापनाची आंतर-संस्था मार्गदर्शक तत्त्वं निघाली. त्यात परिचय, परिस्थितीचा अंदाज, आराखडा, अंमल, पाठपुरावा आणि केस बंद करणं, अशा पायऱ्या आहेत. त्या सगळ्यांना पाठ असतात. गोंधळ होतो तो पायऱ्यांच्या आत आणि पहिल्या पायरीच्याही आधी, म्हणून हा लेख तिथे जास्त रेंगाळतो.

एक अट सुरुवातीलाच. तुमच्यामागे पर्यवेक्षक नसेल, तुम्ही एकट्या स्वयंसेवक असाल, तर टप्पा ३ पर्यंतच थांबा आणि प्रशिक्षित केसवर्करकडे तिला पोचवा. अर्धवट चालवलेली केस न चालवलेल्या केसपेक्षा घातक ठरू शकते.

टप्पा १: कोणी दारात येण्याआधी

रेफरलची यादी प्रत्येक कार्यालयात असते. भिंतीवर लावलेली, लॅमिनेट केलेली आणि बहुधा दोन वर्षं जुनी. लॅमिनेट केलेल्या यादीत कोणी खाडाखोड करत नाही, हाच तिचा दोष. यादी साध्या वहीत ठेवा आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक नंबरवर स्वतः फोन करून हे विचारा:

- निवाऱ्यात कागदपत्रं नसलेल्या बाईला घेतात का? मुलगा किती वर्षांचा होईपर्यंत आईसोबत राहू शकतो? कित्येक निवाऱ्यांत मोठ्या मुलग्यांना प्रवेश नसतो, आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा बरोबर असलेली बाई दारातूनच परत फिरते.
- दवाखान्यात उपचाराआधी पोलीस तक्रारीचा कागद मागतात का? पैसे पडतात का?
- रात्री आणि सुट्टीच्या दिवशी फोन कोण उचलतं?
- तिची भाषा तिथे कोणाला येते, की दुभाषी आपण न्यायची?

दुसरी तयारी कायद्याची. तुम्ही काम करता त्या देशात कोणती गोष्ट कळल्यावर ती पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवणं बंधनकारक आहे, हे एका पानावर लिहून घ्या. काही देशांत डॉक्टरांवर असं बंधन असतं आणि केसवर्करवर नसतं. हे पान पाठ हवं, कारण टप्पा ३ मध्ये बाईने तोंड उघडण्याआधी तुम्हाला ते तिला सांगायचंय.

खोलीवर फार खर्च लागत नाही. दार बंद होणारं हवं, आवाज बाहेर जाता कामा नये, आणि तिची खुर्ची अशी हवी की दाराकडे जाताना मध्ये तुम्ही येत नाही. दारावर ‘महिला अत्याचार कक्ष’ अशी पाटी लावू नका. ती पाटी वाचणारा पहिला माणूस बाहेर बाकावर बसलेला तिचा दीर असतो. शिवण, आरोग्य माहिती, मुलांचे वर्ग असं काही त्याच इमारतीत चालत असेल तर उत्तम. येण्याचं कारण तिला घरी सांगता येतं.

एका केसवर्करकडे एका वेळी २० पेक्षा जास्त चालू केसेस नकोत. मला विचाराल तर १५ पुरे. त्यापुढे फॉलो-अप गळायला लागतात, आणि त्या गळतीची किंमत केसवर्कर मोजत नाही.

तपासा: आत्ता, या क्षणी एखादी बाई आली तर आज रात्री ती कुठे झोपू शकेल, याचं उत्तर तुमच्याकडे आहे का? नसेल तर निवाऱ्याचं नाव तिच्यापुढे काढू नका.

टप्पा २: दुभाषी निवडा, मग भेट ठरवा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते फाइलीत दिसतही नाही.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. बाई बोलत होती, अडखळत, मध्ये दोनदा थांबून, चांगली तीनेक मिनिटं. दुभाषीने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “घरात थोडं भांडण झालं म्हणते.” तीन मिनिटांचं एक वाक्य! मी तेच लिहून घेतलं. दुसऱ्या दुभाषीबरोबर पुन्हा बसल्यावर कळलं, की त्या तीन मिनिटांत गॅसची नळी, कुलूप लावलेलं दार आणि धाकट्या मुलीचं नाव होतं. पहिल्या दुभाषीच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला लाज वाटली होती. बाईची नाही, आपल्या समाजाची. परक्यापुढे घरचं काढू नये, एवढंच.

म्हणून:

१. नवरा, मुलगा, मुलगी, सासू, शेजारीण यांना दुभाषी म्हणून कधीही बसवू नका. “मुलीला छान भाषा येते” हे वाक्य वारंवार ऐकू येतं. मुलीला भाषा येते हे खरं. आईवर काय गुदरलं ते स्वतःच्या तोंडाने सांगण्याचं ओझंही मग त्याच मुलीवर पडतं.

२. दुभाषी शक्यतो बाईच हवी, पण मदत घ्यायला आलेल्या बाईला विचारून. क्वचित एखादी म्हणते, आमच्यातली बाई नको, बाहेरचा पुरुष चालेल. तिचं कारण तिच्यापाशी.

३. भाषा एक असली तरी पंथ, जमात, गाव, राजकीय बाजू कोणती, याने फरक पडतो. छोट्या निर्वासित समाजात सगळे एकमेकांना ओळखतात. भेटीआधी दुभाषीला बाईचं नाव सांगू नका. बाईला मात्र दुभाषीचं नाव सांगा आणि विचारा, “यांच्यासमोर बोलायला काही अडचण?” नकाराधिकार एकीलाच द्यायचा तर तो बाईला द्या.

४. ओळखीचं कोणी नको असेल तर दुसऱ्या शहरातल्या दुभाषीला फोनवर घ्या. व्हिडिओ बंद, बाईचं नाव न घेता.

५. भेटीआधी दुभाषीबरोबर दहा मिनिटं बसा. जसंच्या तसं सांगायचं, प्रथमपुरुषी सांगायचं, गाळायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. बलात्कार, गर्भपात, शरीराचे अवयव यांना तिच्या भाषेत कोणते शब्द आहेत ते आधी ठरवा. ऐन वेळी दुभाषी लाजून ‘त्याने त्रास दिला’ म्हणते, आणि डॉक्टरला तो त्रास डोकेदुखीचा वाटतो.

सावधान: बाई लांबलचक बोलली आणि भाषांतर दोन शब्दांचं आलं, किंवा दुभाषी आणि बाई यांच्यातच संभाषण रंगलं, तर तिथेच थांबवा. राग न आणता म्हणा, “आत्ता काय बोलणं झालं ते मलाही सांगा.” तरी तेच चालू राहिलं तर भेट दुसऱ्या विषयावर नेऊन संपवा आणि दुभाषी बदला.

टप्पा ३: पहिली भेट

“काय झालं?” हा पहिला प्रश्न नाही. त्याआधी तीन गोष्टी येतात.

एकटी आहे ना? बरोबर कोणी असेल तर विषय नोंदणीच्या कागदांचा किंवा मुलांच्या शाळेचा काढा आणि तिला एकटीला भेटायचं निमित्त शोधा. दोन वर्षांपेक्षा मोठं मूल खोलीत नको. लहान मुलाला काय कळतंय, असं आपल्याला वाटतं, रात्री तेच मूल बापाला सांगतं, “आई रडत होती.”

किती वेळ आहे? ती दवाखान्यात जाते सांगून आली असेल आणि पाऊण तासात परतायचं असेल, तर भेट पाऊण तासाची. शेवटची दहा मिनिटं सुरक्षेसाठी राखून ठेवा. तिची कहाणी अर्धी राहिली तरी चालेल.

तिसरी गोष्ट गुप्ततेची. इथे वाक्यं तोलून मापून हवीत, म्हणून मी वापरते तशीच देते:

“तुम्ही इथे जे सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय मी कोणाला सांगणार नाही. दोन-तीन गोष्टींना मात्र अपवाद आहे. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, लहान मुलाला इजा होतेय असं कळलं, किंवा आमच्याच संस्थेच्या माणसाने गैरवागणूक केली असेल, तर मला वरिष्ठांशी बोलावं लागेल. तेही आधी तुम्हाला सांगून. हे ऐकून काय सांगायचं, काय नाही, ते तुम्ही ठरवा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. त्याने मदत थांबणार नाही.”

अपवादांची यादी तुमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे बदलेल. ती सांगायची वेळ मात्र बदलत नाही: बाईने सांगून झाल्यावर “आता मला हे कळवावं लागेल” म्हणणं, हा विश्वासघातच आहे.

शेवटचं वाक्यही गाळू नका. तंबू, रेशन, दुसऱ्या देशातल्या पुनर्वसनाची यादी, सगळं आपल्यासारख्याच संस्थांच्या हातात असतं. नाही म्हटलं तर काहीतरी बंद होईल, अशी भीती तिला असते. आणि अनुभवातून आलेली असते.

मग ऐका. “तुम्ही तेव्हाच का निघाला नाहीत?” हा प्रश्न कोणत्याही सुरात विचारला तरी आरोपच असतो. “मी समजू शकते” हेही मी टाळते, कारण बहुतेक वेळा ते खरं नसतं. “सांगितलंत ते बरं केलंत, यात तुमची चूक नाही” एवढं पुरतं. तपशील खोदू नका. कोणती मदत लागेल हे ठरवण्यापुरतं कळलं की बास. आश्रयाच्या अर्जासाठी तिला हेच सगळं पुन्हा वकिलापुढे आणि अधिकाऱ्यापुढे सांगायचंच आहे.

एक गोष्ट मात्र पहिल्याच भेटीत विचारायची: शेवटची घटना कधीची? कारण इथे घड्याळ चालू असतं.

- लैंगिक अत्याचार असेल तर एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात.
- तातडीची गर्भनिरोधक गोळी १२० तासांपर्यंत देता येते. जितकी लवकर, तितकी परिणामकारक.
- हिपॅटायटिस बीची लस शक्यतो २४ तासांत, फार तर १४ दिवसांत.

मुदत उलटली म्हणून दवाखाना टाळू नका. जखमा, संसर्ग, गर्भधारणा यांची तपासणी नंतरही लागतेच. पुरावा राखण्यासाठी अंघोळ न करणं, कपडे कागदी पिशवीत ठेवणं, हे तिला तक्रार करायची असेल किंवा तो मार्ग खुला ठेवायचा असेल तरच सांगा. अंघोळ करून आली असेल तर चेहऱ्यावर ‘अरेरे’ उमटू देऊ नका.

सावधान: “गळा धरला होता का?” हे वेगळं विचारा. मारहाणीच्या यादीत बाया ते सांगत नाहीत. ‘मारलं’ यात ते त्यांच्या लेखी येतच नाही. गळा आवळल्यावर दहा सेकंदांतही शुद्ध हरपू शकते. बाहेर एकही वळ नसताना आत इजा असू शकते आणि त्रास दोन-तीन दिवसांनीही दिसू शकतो. आवाज घोगरा झालाय, गिळताना दुखतंय, डोळ्यांत लाल ठिपके आहेत, तेव्हा लघवी झाली होती, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. अमेरिकेतल्या २००८ सालच्या एका अभ्यासात, आधी गळा आवळला गेलेल्या स्त्रीचा पुढे खून होण्याची शक्यता सुमारे सातपट आढळली होती.

टप्पा ४: धोका किती, हे तिच्याकडून समजून घ्या

जॅकलिन कॅम्पबेल या परिचर्या-संशोधक बाईंनी १९८५च्या सुमारास धोक्याची प्रश्नावली तयार केली. हो-नाही अशी उत्तरं असलेले वीस प्रश्न. स्थलांतरित महिलांसाठी तिचं वेगळं रूपही आहे. ती वापरायचं प्रशिक्षण घेतलं असेल तर जरूर वापरा. नसेल तर किमान एवढं बोलण्याच्या ओघात काढून घ्या: मारहाण अलीकडे वाढली आहे का. शस्त्र हाताशी आहे का. जिवे मारण्याची धमकी दिली का. गरोदरपणात मारलं का. पाळत ठेवतो का. तो स्वतःचं बरंवाईट करण्याची भाषा बोलतो का. तिच्या मनात तसं काही येतं का.

निर्वासित बाईसाठी आणखी चार प्रश्न मी वरून घालते. परत पाठवीन, कागद फाडीन अशी धमकी आहे का? मायदेशातल्या तिच्या माणसांना इजा करण्याची धमकी आहे का? धमकी देणारा नवरा एकटा आहे, की दोन्हीकडचे नातलग? ती निघाली तर समाजातून तिला शोधून काढणं किती सोपं आहे?

मग सगळे कागद बाजूला ठेवून विचारा, “तुम्हाला स्वतःला काय वाटतं, तो कुठवर जाईल?” ती घाबरलेली असेल तर तुमच्या गुणांकनात काहीही येवो, तिची भीती वरचढ धरा. उलटं मात्र नाही. ती “नाही, तेवढा वाईट नाही” म्हणाली आणि उत्तरांत गळा, शस्त्र, पाळत आहे, तर पर्यवेक्षकाला त्याच दिवशी सांगा. माणूस सवयीने धोका कमी मोजतो.

सोडून जाण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, आधी राहत होती त्यापेक्षाही. म्हणून ‘घर सोडा’ हा सल्ला केसवर्करने द्यायचा नसतो.

टप्पा ५: सुरक्षेचा आराखडा

दोन आराखडे करा. ती घरी राहणार असेल तर एक, निघणार असेल तर दुसरा. बहुतेकींना आज पहिलाच लागतो, आणि बहुतेक केसवर्कर फक्त दुसरा करतात.

राहणारीसाठी: भांडण पेटलं की स्वयंपाकघर आणि कोंडून पडेल अशी खोली टाळायची, दाराच्या बाजूला राहायचं. मुलांना सांगायचं की मध्ये पडू नका, अमक्या काकूंकडे पळा. त्या काकूंना विचारून ठेवलंय ना? दोघींमध्ये, आणि आपल्या कार्यालयाशीही, ठरलेला खुणेचा शब्द. ‘तुमच्याकडे माझी सुई राहिली का?’ असं काहीही, जे कोणी ऐकलं तरी साधंच वाटेल.

फोनचा विषय सावकाश घ्या. फोन तिचा की घरातला सामाईक? कुलूप उघडायची खूण त्याला माहीत आहे का? खातं त्याने उघडून दिलंय का? ठिकाण त्याला दिसतं का? इथे उत्साही केसवर्कर लगेच पासवर्ड बदलून देते, ठिकाण बंद करते, मेसेज पुसते. रात्री तो फोन हातात घेतो आणि रिकामी यादी पाहून समजायचं ते समजतो. पाळत असलेल्या फोनला हात न लावणं बरं. आपल्याशी बोलायला दुसऱ्या कोणाचा फोन, किंवा प्रत्यक्ष भेट. आपला नंबर तिच्याकडे ठेवायचाच असेल तर शिंपिणीच्या किंवा मुलाच्या शाळेतल्या बाईंच्या नावाने, आणि त्या नावाने फोन आला तर तुमच्याकडे तो कोणीही उचलला तरी काय बोलायचं ते ठरलेलं हवं.

निघणारीसाठी कागदपत्रं, औषधं, थोडे पैसे, मुलांच्या जन्माच्या नोंदी. भरलेली पिशवी घरात ठेवणं त्याच्या हाती लागणार असेल तर पिशवीच नको. कागदांच्या प्रती तुमच्या कपाटात राहू द्या, तिच्या फोनमध्ये नको.

तपासा: आराखडा तिला तोंडी सांगता येतो का? लिहून दिलेला कागद तिच्याबरोबर घरी जाता कामा नये.

टप्पा ६: कागद आणि आश्रयाचा दर्जा

इतर हिंसाचाराच्या केसेस हाताळून आलेल्या अनुभवी बायाही इथे चुकतात, कारण तिथे हा टप्पाच नसतो.

बहुधा अर्ज नवऱ्याच्या नावावर आणि ती त्याच्या फाइलीतली ‘पत्नी’. तो म्हणतो, “मला सोडलंस तर तुला परत पाठवतील,” आणि तिला ते खरं वाटतं. दर देशाचे नियम वेगळे, पण तीन गोष्टी धरून चाला. एक, कुटुंबातल्या प्रौढ स्त्रीची वेगळी मुलाखत आणि तिचा स्वतंत्र दावा ऐकला जावा, अशी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाची भूमिका आहे. दोन, १९५१च्या निर्वासित करारात ‘लिंग’ हा शब्द छळाच्या कारणांत नाही. तरी घरातला हिंसाचार आणि त्यापासून संरक्षण द्यायला राजी नसलेलं किंवा ते देऊ न शकणारं राज्य, यातून दावा उभा राहू शकतो, हे याच कार्यालयाच्या २००२च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. तीन, जिथे छळाचा धोका आहे तिथे परत न पाठवण्याचं तत्त्व तिलाही लागू आहे, फक्त नवऱ्याला नाही.

हे तुम्ही जाणायचं. तिला कायदेशीर सल्ला मात्र आश्रयाचं काम करणाऱ्या वकिलानेच द्यायचा. वकील भेटण्याआधी नवऱ्याच्या फाइलीतून नाव काढू नका, घटस्फोटाचा अर्ज करू नका, पत्ता बदलू नका. क्रम उलटला तर मधल्या काळात ती कोणत्याच फाइलीत नसते.

सावधान: जन्मदाखला, विवाहाचा दाखला किंवा पारपत्र यासाठी मायदेशाच्या दूतावासाशी संपर्क करू नका. सवयीने हा फोन जातो. ज्या सरकारपासून पळाली त्यालाच तिचा ठावठिकाणा कळतो, शिवाय ‘संरक्षण मागितलं’ म्हणून तिचा दावाही कमकुवत होऊ शकतो.

मदतीचं कार्ड विभागताना वेळ सांभाळा. रेशन आणि रोख मदत त्याच्या नावावर असेल तर ती वेगळी करून मिळू शकते. पण कार्ड बदलल्याचा संदेश त्याच्या फोनवर जातो का, हे आधी विचारा. जात असेल तर ती सुरक्षित जागी पोचेपर्यंत अर्ज टेबलावरच राहू द्या.

टप्पा ७: रेफरल, एकावेळी एक

आता रेफरल. पहिल्या दिवशी चार नव्हे. तिला विचारा, या आठवड्यात कोणती एक गोष्ट झाली तर बरं वाटेल? उत्तर ऐकून नवल वाटतं. मोडलेल्या दाताचं औषध, मुलाचा शाळाप्रवेश, एक रात्र शांत झोप. तिथून सुरुवात करा.

संमती प्रत्येक रेफरलची वेगळी: कोणाला, कोणती माहिती, कशासाठी. ‘सर्व सेवांसाठी संमती आहे’ अशा एका सहीला अर्थ नाही. निवाऱ्याला लैंगिक अत्याचाराचा तपशील लागत नाही, वकिलाला लागतो. चिठ्ठी देऊन पाठवू नका. तिच्यासमोर फोन लावा, नाव आणि वेळ ठरवा, जमलं तर बरोबर जा. दवाखान्यात तिला नोंदणीच्या रांगेत मोठ्याने ‘काय झालंय?’ विचारलं जाणार नाही, याची सोय आधीच लावा.

समेटाचा मुद्दा इथेच येतो. समाजातले वडीलधारे किंवा स्वतः नवरा म्हणतो, एकदा दोघांना समोरासमोर बसवा. तुम्ही बसवू नका. जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते तिथली बैठक वाटाघाट नसते; ती काय बोलली त्याचा हिशेब घरी होतो. तिने स्वतःच आपल्या मोठ्यांकडे जायचं ठरवलं तर तो तिचा निर्णय. आपण त्या बैठकीआधीचा आणि नंतरचा सुरक्षेचा आराखडा करून द्यायचा.

टप्पा ८: नोंदी

फाइलवर सांकेतिक क्रमांक. नाव आणि क्रमांक जोडणारा कागद दुसऱ्या कपाटात, दुसऱ्या किल्लीत. तिचे शब्द अवतरणात, तुमचं निरीक्षण वेगळं. ‘उन्मादी वाटली’, ‘खोटं बोलत असावी’ असं काही लिहू नका. उद्या ही फाइल त्याच्या वकिलासमोर येऊ शकते, हे धरून लिहा. ‘पीडिता’ हा शब्दही मी खोडते. फाइलीत ती महिला आहे.

जखमांचे फोटो तुमच्या वैयक्तिक फोनवर नकोत. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ‘ती निळ्या स्कार्फवाली केस’ असंही नको. छोट्या छावणीत तेवढ्या वर्णनावरून बाई ओळखू येते. कार्यालय अचानक रिकामं करायची वेळ आली तर कोणते कागद कोणी नष्ट करायचे, हे आज ठरवा.

टप्पा ९: फॉलो-अप आणि केस बंद

निघताना तिला विचारलेलं असतं, पुन्हा कसं भेटायचं. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणाच्या फोनवर. दुसऱ्याने उचलला तर आपण कोण? ‘मेसेज टाकते’ असं म्हणून गेलेल्या केसवर्करचा मेसेज बारा जण वाचतात.

ती परत त्याच्याकडे गेली तर केस फसली असं लिहू नका. आराखडा १ पुन्हा काढा, धोका नव्याने मोजा. परतलेल्या बाईला “आम्ही एवढं केलं” अशा नजरेने पाहिलं की ती तिसऱ्यांदा येत नाही.

केस बंद करताना कारण तिच्या तोंडून यायला हवं: गरजा भागल्या, दुसरीकडे गेली, किंवा आता नको म्हणाली. ‘प्रतिसाद नाही’ लिहिण्याआधी आपणच दार लावून घेतलं नाही ना, हे पाहा. फोन चुकीच्या वेळी गेला का, दुभाषी बदलायला हवी होती का, पाकिटावर संस्थेचं नाव होतं का? पर्यवेक्षकाबरोबर फाइल वाचूनच सही करा.

फाइल कपाटात गेली तरी तिचा खुणेचा शब्द रिसेप्शनच्या वहीत राहू द्या. सहा महिन्यांनी फोनवर कोणी “माझी सुई राहिली का तुमच्याकडे?” विचारलं, तर त्या दिवशी कामावर असलेल्या नव्या मुलीने “कसली सुई?” म्हणता कामा नये.